लोपीसबाईंची निळी बाटली

लोपीसबाईंच्या शेजारी बसून डबा खाणं सोपं नव्हतं. तुम्ही झाकण उघडलं की त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर उतरायचा, त्या डब्यात डोकावायच्या आणि निकाल द्यायच्या. शाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "बटाट्याची भाजी आणि पोळी. साखरेची साखळी तू साखरेच्याच साखळीत गुंडाळून खातेस. डाळ नाही, अंडं नाही. अंग बांधणार कशानं?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी आपल्या डब्यातली वालाची उसळ चमचाभर माझ्या पोळीवर घातली. "खा. ह्या विटा आहेत. तुझ्या डब्यात नुसतं सरपण होतं."

चौऱ्याहत्तर साली मी आगाशीजवळच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले. लोपीसबाई तिथे पंधराएक वर्षं विज्ञान शिकवत होत्या. वय पंचेचाळीस, लग्न केलेलं नाही. वटारला वाडीत भावाच्या कुटुंबासोबत राहायच्या. उंच, सडसडीत, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि उजव्या हाताचा अंगठा आयोडिननं कायमचा तपकिरी. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातानासुद्धा तो अंगठा तसाच असायचा. फादरांनी एकदा गमतीनं विचारलं, "बाई, हे कसलं पाप धुतलं जात नाही?" तर म्हणाल्या, "पिष्टाचं, फादर. नववी ब मधल्या पन्नास बटाट्यांचं."

त्यांच्या सगळ्या शिकवण्याचा सांगाडा एका वाक्यात होता. "जिन्नस चारच, बाकी सगळी मांडणी." पिष्ट आणि साखर हा पहिला जिन्नस, प्रथिनं दुसरा, तेल-तूप तिसरा. चौथ्याला त्या 'चिठ्ठी' म्हणायच्या. आईकडून निम्मी आणि बापाकडून निम्मी आलेली चिठ्ठी, जी पेशीपेशीत ठेवलेली असते आणि जिच्यात कुठली साखळी कशी ओवायची ते लिहिलेलं असतं. तेव्हाच्या पाठ्यपुस्तकात तिच्याबद्दल जेमतेम चार ओळी होत्या. बाई त्यावर आठवडाभर बोलायच्या. केळीचं झाड घ्या, बोंबील घ्या, हेडमास्तर घ्या, जिन्नस तेच चार. हेडमास्तर हे उदाहरण त्या हेडमास्तरांच्या समोरही द्यायच्या.

प्रयोगशाळा म्हणजे कौलारू खोली, दोन कपाटं, तीन स्पिरिटचे दिवे. पण मोरचूद मात्र हवं तेवढं. पानवेलीवर फवारायला बागाईतदार ते आणायचे, आणि कुठल्याही विद्यार्थ्याचा बाप बाईंना मूठभर देऊन जायचा. त्याच निळ्या खड्यांपासून बाई प्रथिनाच्या चाचणीचं पाणी करायच्या, आणि धुण्याचा सोडा व आणखी एक क्षार घालून साखरेच्या चाचणीचं निळं द्रावणही. ते एका जुन्या सरबताच्या बाटलीत भरलेलं असायचं. बाटलीवर बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, 'पिऊ नये'.

त्यांचा केळीचा तास बघायला मी माझा मोकळा तास सोडून जात असे. एक हिरवं राजेळी केळं, एक पिकलेलं, आणि एक सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेलं केळं. हिरव्या केळ्याच्या कापावर आयोडिनचा थेंब टाकला की तो काळानिळा व्हायचा. पिकलेल्यावर टाकला की जेमतेम रंग. मग निळ्या बाटलीतलं द्रावण घालून पिकलेलं केळं उकळायचं, की नळीत विटकरी गाळ. "बघा," बाई म्हणायच्या, "घड झाडावरून उतरवला, आढीत टाकला, तुम्ही म्हणालात संपलं. ते आत बसून साखळ्या तोडत होतं. कुणी सांगितलं त्याला? चिठ्ठीनं." आणि सुकेळी पोरांना वाटून टाकायच्या, कारण तिच्यावर काही तपासायची गरज नाही, ती खाल्ली की कळते.

एकदा स्टाफरूमच्या दुधाचं प्रकरण झालं. चहा कसातरीच लागायला लागला होता. कुणीतरी बाईंचंच आयोडिन आणून दुधात थेंब टाकला आणि दूध निळं झालं. झालं, दूधवाला बुधाजी पीठ मिसळतो असं ठरलं, आणि हेडमास्तरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. तो बिचारा नुसता मान हलवत राहिला. बाई वर्गातून आल्या, त्याच्या किटलीतून चमचाभर दूध घेतलं, थेंब टाकला. दूध पांढरंच. मग शाळेचं रिकामं पातेलं मागवलं, त्यात साधं पाणी खळबळलं, थेंब टाकला. निळं. शिपाई गोविंद त्याच पातेल्यात स्वतःसाठी पेज करायचा आणि नुसतं विसळून त्यात दूध ओतायचा.

"रंग खोटं बोलत नाही," बाई हेडमास्तरांना म्हणाल्या. "पण थेंब कुठून घेतला, ते आधी बघावं लागतं. आता बुधाजीला बसायला खुर्ची द्या."

खुर्ची दिली गेली. गोविंदलाही कुणी रागावलं नाही, कारण बाईंनी त्याला पेजेसाठी वेगळं पातेलं आणून दिलं होतं.

हे सगळं मी आधी सांगते, कारण पुढे मंदाच्या वेळी आम्ही सगळ्यांनी बाईंचं ऐकलं ते या अशा गोष्टींमुळे.

मंदा राऊत सहावीत होती. माझ्याच वर्गात. पंचाहत्तर सालची दिवाळीची सुट्टी संपवून पोरं परत आली आणि ही मुलगी दर तासाला बोट वर करायला लागली. बाई, पाणी पिऊन येऊ? बाई, बाहेर जाऊन येऊ? एका दिवशी चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी तिला म्हटलं, "आता बाहेरच उभी राहा." ती उभी राहिली. मुकाट्यानं, भिंतीला टेकून. मी फळ्यावर समास लिहीत होते.

तिला तिथे लोपीसबाईंनी पाहिलं. त्यांनी तिला काही विचारलं नाही, फक्त तिच्या स्कर्टाच्या कमरेला लावलेल्या दोन पिना पाहिल्या. दिवाळीआधी तिथे एकही पीन नव्हती. मग त्या मुलींच्या मोरीकडे गेल्या आणि परत येऊन मला वर्गाबाहेर बोलावलं.

"प्रभा, मोरीत मुंग्यांची रांग लागलीय. गोड आहे तिथे काहीतरी."

शनिवारी सकाळची शाळा. बाईंनी मंदाला एक लहान बाटली दिली आणि कानात काहीतरी सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तूही दे."

"मी? मी कशाला?"

"मी माझीही घेतलीय. तिघींची एकदम तपासायची. नुसत्या तिच्या नळीत रंग आला तर माझं द्रावण बिघडलंय की पोरगी बिघडलीय, कसं कळणार? दे. मराठी शिकवणारीची चालते."

लाजेनं माझे कान गरम झाले, पण दिली. तीन नळ्या, प्रत्येकीत निळं द्रावण, प्रत्येकीत मोजून आठ थेंब. पहिली नळी दिव्यावर धरली, उकळली, निळीच राहिली. दुसरीही निळीच. तिसरी आधी हिरवी झाली, मग पिवळी, मग नारिंगी, आणि मग तळापासून वरपर्यंत कौलासारखी विटकरी. केळीच्या तासाला हा रंग आला की पोरं टाळ्या वाजवायची. बाईंनी नळीच्या तोंडात कापसाचा बोळा घातला, ती रुमालात गुंडाळली आणि म्हणाल्या, "चल."

राऊतांचं घर वटारला, बाईंच्या वाडीपासून दोन वाड्या पलीकडे. बाळकृष्ण राऊत म्हणजे पानवेल आणि केळीचे बागाईतदार, गळ्यात तुळशीची माळ, आवाज मऊ. आम्ही पोचलो तेव्हा मंदा आमच्या आधीच घरी येऊन चटईवर आडवी झाली होती. तिची आई यमुनाबाई हातात पेला घेऊन बसली होती.

"अशक्तपणा आलाय हिला," ती म्हणाली. "जंत असतील असं शेजारी म्हणाले. मी रोज चार वेळा ग्लुकोजचं पाणी पाजतेय, तरी सुकतच चाललीय."

बाईंनी तिच्या हातातून पेला काढून घेतला. अगदी हळू. "आता हे नको, यमुना. तुझी चूक नाही. कुणीही हेच केलं असतं." मग त्या मंदाशेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि तिच्या तोंडाशी नाक नेलं. पोरगी खोल, लांब लांब श्वास घेत होती. नंतर बाईंनी मला सांगितलं, श्वासाला काळ्या पडलेल्या केळ्यासारखा वास होता.

"बाळाभाऊ, हिला मुंबईला मोठ्या इस्पितळात न्यायचं."

"सोमवारी नेतो, बाई. उद्या माल..."

"सोमवारी नाही. आत्ता."

राऊतभाऊ आमच्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलायचे. घाबरले की घरची बोली वर यायची. "मना काय कळत नय, बाई," ते म्हणाले. "काल चालत होती ती."

"म्हणूनच आत्ता," बाई म्हणाल्या.

केळीचे घड भरलेला टेम्पो अंगणात उभा होता. राऊतभाऊंनी आणि शेजाऱ्यांनी दहा मिनिटांत तो रिकामा केला, केळीच्या पानांवर गोधडी टाकली. बाई मागे बसल्या, मंदाचं डोकं मांडीवर. यमुनाबाई आणि मी तिच्या पायांशी. हायवेला लागल्यावर मंदा हाकेला ओ देईनाशी झाली. बाई तरी दर थोड्या वेळानं तिला काहीबाही विचारत राहिल्या. पाण्याचं सूत्र सांग. पानात हिरवं काय असतं ते सांग. उत्तर येत नव्हतं. बाई स्वतःच उत्तर देऊन पुढचा प्रश्न विचारत होत्या.

इस्पितळातला तरुण डॉक्टर त्रासलेला होता. "तुम्ही कोण हिच्या?" त्यानं बाईंना विचारलं.

"विज्ञानाची शिक्षिका," बाई म्हणाल्या आणि रुमाल उलगडून त्याच्यासमोर नळी धरली. "पाच मापं द्रावण, आठ थेंब. सोबत दोन निरोगी माणसांचे नमुने केले, ते निळे राहिले."

डॉक्टरनं नळीकडे पाहिलं, मंदाकडे पाहिलं, आणि तो धावत सुटला. सरकारी इस्पितळात माणूस असा धावताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंदानं डोळे उघडले. उशाशी बाई दिसल्या तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "बाई, माझी घटक चाचणी बुडली." बाई म्हणाल्या, "बुडू दे." मग बाहेर व्हरांड्यात गेल्या, खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि खूप हसल्या. नर्स बघायला आली तरी हसतच होत्या.

मंदा घरी आली ती इन्शुलिन घेऊन. सकाळी एक सुई, संध्याकाळी एक, जन्मभर. फ्रीज गावात जवळपास कुणाकडेच नव्हता, म्हणून बाईंनी औषधाची बाटली डब्यात घालून तो डबा दोरीनं राऊतांच्या विहिरीत, पाण्याच्या वर हातभर, लटकवायला लावला. काचेची सुई-पिचकारी रोज उकळायची. यमुनाबाईंना सुई टोचवायची नाही, राऊतभाऊ तोंड फिरवून अंगणात जायचे. तेव्हा बाईच रोज दोन्ही वेळा वाड्यांमधून चालत जाऊन सुई द्यायच्या. पावसात, सणाला, रविवारी मिस्साच्या आधी. त्यासाठी त्या इस्पितळातून नर्सकडून शिकूनच आल्या होत्या. संत्र्यावर सराव केला, मग स्वतःच्या मांडीवर नुसती सुई टोचून पाहिली.

खरी अडचण दोन महिन्यांनी आली. राऊतभाऊ एका दुपारी शाळेच्या प्रयोगशाळेत आले. खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली.

"एकाने दिलीय. ही सकाळी पाण्याबरोबर घ्यायची, सुई बंद. बाई, मना दोन गोष्टी सांगा. सुईतलं औषध असं तोंडावाटे का देता येत नाही? आणि दुसरं म्हणजे..." ते थांबले. हात माळेकडे गेला. "ते कशापासून काढतात? बाजारात कुणीतरी काहीतरी बोललं."

मी तिथेच वह्या तपासत होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांना डोळ्यांनीच विनवलं, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. त्या ख्रिस्ती, ते माळकरी. असल्या गोष्टीवरून गावात काय काय होऊ शकतं ते मला दिसत होतं.

"पहिल्याचं उत्तर आधी," बाई म्हणाल्या. "पाऊण तास लागेल. बसा."

त्यांनी अंड्याचा पांढरा बलक पाण्यात ढवळून गरम केला. दुधासारखं गढूळ पाणी झालं. ते दोन नळ्यांत ओतलं. अंडं बघून राऊतभाऊ खुर्ची मागे सरकवून बसले. मग बाईंनी मागच्या पपईच्या झाडाच्या कच्च्या फळाला चीर दिली, ठिबकणारा पांढरा चीक काचपट्टीवर गोळा केला आणि एकाच नळीत घातला. दोन्ही नळ्या कोमट पाण्यात उभ्या केल्या. आम्ही तिघं वाट बघत बसलो. हळूहळू चीक घातलेल्या नळीतलं पाणी निवळायला लागलं. शेवटी शेवटी तिच्यातून पलीकडची खिडकी दिसू लागली. दुसरी जशीच्या तशी गढूळ.

"अंडं कुठे गेलं?" राऊतभाऊ म्हणाले.

"कुठे गेलं नाही. साखळी तुटली, मणी सुटे झाले. आपल्या पोटातही असाच चीक असतो, याहून कडक. मंदाचं औषध हीसुद्धा अशीच साखळी आहे, प्रथिनाची. पोटात गेलं की डाळीसारखं पचून जाईल, रक्तापर्यंत पोचणारच नाही. म्हणून सुई. मी हट्टानं टोचत नाही तिला."

राऊतभाऊंनी मान हलवली. मग तेवढ्याच मऊ आवाजात म्हणाले, "आणि दुसरं?"

"गुरांच्या पोटातल्या एका ग्रंथीतून काढतात," बाई म्हणाल्या. "कधी डुकरांच्या. दुसऱ्या कशातून अजून काढता येत नाही."

बाहेर पोरं खो-खो खेळत होती. त्यांचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

"मी टाळू शकले असते, बाळाभाऊ. पण उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं, तर माझ्या पहिल्या उत्तरावरचाही तुमचा विश्वास गेला असता. आणि त्याच्यावर पोरीचा जीव आहे." त्या थोडं थांबल्या. "गाईच्या साखळीत आणि मंदाच्या साखळीत पन्नासेक मणी असतात. फक्त तीन वेगळे. बाकी तेच, त्याच क्रमानं. इतकी जवळची आहे म्हणून तिच्या अंगाला चालते."

राऊतभाऊ उठले, पुडी उचलली आणि निघून गेले. त्या संध्याकाळी बाई सुई द्यायला गेल्या तेव्हा यमुनाबाईंनी दार उघडलं, सुई देऊ दिली, पण राऊतभाऊ घरात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंबरोबर गेले. त्यांनी बोलावलं नव्हतं, पण त्यांना एकटीनं जाऊ द्यावंसं वाटेना. राऊतांच्या अंगणात पोचलो तर भाऊ विहिरीशी उभे. दोरी ओढून त्यांनी डबा वर घेतला होता. अंगावर फक्त पंचा, गळा मोकळा. माळ नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "आज मी देतो. कसं धरायचं ते दाखवा."

बाईंनी दाखवलं. भाऊंनी पिचकारी धरली, औषध खुणेपर्यंत ओढलं, बुडबुडा काढला. मंदानं डोळे मिटले. सुई आत गेली आणि बाहेर आली. मंदा डोळे उघडून म्हणाली, "झालं? बाबांचा हात बाईंपेक्षा हलका आहे."

भाऊंनी विहिरीवर आंघोळ केली, देव्हाऱ्यात ठेवलेली माळ घेऊन गळ्यात घातली, आणि मग आमच्यासमोर येऊन बसले. "देवाला सांगितलं, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास मला सुट्टी दे. पोरीचं आटपून, आंघोळ करून परत येतो."

"काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.

"नाही म्हणाला नाही."

मंदा स्वतः सुई घ्यायला शिकेपर्यंत दोन वर्षं भाऊंचा तो क्रम चुकला नाही. पुडीचं काय केलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

परतताना बाई वाडीच्या कुंपणाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "प्रभा, काल रात्रीपासून मी जेवलेले नाही. तुझ्याकडे काही आहे?" माझ्या पिशवीत डबा होता. बटाट्याची भाजी आणि पोळी. त्यांनी उभ्या उभ्या सगळा संपवला आणि त्यात काय नाही ते एकदाही सांगितलं नाही.

मी मराठीची शिक्षिका, मला प्रत्येक गोष्टीमागे गोष्ट हवी असते. बाईंच्या घरात पूर्वी असंच कुणीतरी, एखादं लहान भावंड, या आजारानं गेलं असेल, म्हणून त्यांना इतकं लागलं असेल, असं मी मनात धरून चालले होते. एकदा धीर करून विचारलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "पुस्तकात वाचलं होतं, मुंग्या येतात म्हणून. मोरीत मुंग्या दिसल्या. एवढंच. सगळ्याला कहाणी लागते का तुला?"

त्यानंतर शाळेत प्रत्येक शिक्षकाच्या टेबलाच्या खणात साखरेची पुडी आली. साखर वाढली तर वेळ असतो, उतरली तर नसतो, हे बाईंनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं की गोविंद शिपाईसुद्धा पाठ म्हणायचा. सातवीत असताना एकदा मंदा माझ्या तासाला अचानक चिडून बोलायला लागली, कपाळावर घाम, हात कापताहेत. वर्षभरापूर्वी मी तिला पुन्हा बाहेर उभी केली असती. मी खण उघडला, साखर पाण्यात घालून तिला पाजली, आणि ती पुन्हा मंदा होईपर्यंत तिचा हात धरून बसले. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "शिकलीस." दुसऱ्या कुठल्याही शेऱ्याचा मला इतका आनंद झालेला नाही.

मंदा रसायनशास्त्र घेणार असं बाईंनी गृहीत धरलं होतं. तिनं कॉमर्स घेतलं. बाई आठ दिवस तिच्याशी धड बोलल्या नाहीत. मंदा त्यांना म्हणाली, "बाई, मला त्या नळ्यांचा कंटाळा आलाय. रोज सकाळी मोरीत एक उकळते मी." "बरोबर आहे तुझं," बाई म्हणाल्या, आणि विषय संपला. मंदा पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर झाली. तिचा आवाज फोनवर ऐकला की बाई मुद्दाम गप्प राहायच्या, तिला दोनदा 'हॅलो' म्हणायला लावायच्या.

शहाऐंशीच्या सुमारास तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. नातेवाइकांचं एकच म्हणणं, आजाराचं बोलू नका. राऊतभाऊंना ते पटत नव्हतं, पण मुलीच्या लग्नात माणूस एकटा पडतो. बोळींजचं एक स्थळ आलं, मुलगा वीज मंडळात वायरमन. बघायला रविवारी येणार होते. यमुनाबाईंचा भाऊ मुद्दाम बाईंकडे येऊन सांगून गेला, "तुम्ही येऊ नका, बाई. तुम्ही बोलून बसाल."

"हो, बसेन," बाई म्हणाल्या. गेल्या नाहीत. सोमवारी स्टाफरूममध्ये डबा उघडून नुसत्या बसल्या होत्या. मी त्यांच्या डब्यात डोकावून काय काय जिन्नस आहेत ते सांगायचा प्रयत्न केला, तर त्यांनी ऐकलंही नाही.

मधल्या सुट्टीत मंदा आली. सायकल पायरीला टेकवून तशीच आत आली, धाप लागलेली.

"बाई, मी त्यांच्यासमोरच सुई घेतली."

"काय?"

"जेवायला थांबले ते. माझी वेळ झाली होती. मामा डोळे वटारत होते. मी डबा आणला, सगळ्यांसमोर सुई भरली आणि घेतली. आणि सांगितलं, बारा वर्षांची असल्यापासून घेते, मरेपर्यंत घेणार."

"मग? मुलगा काय म्हणाला?"

"तो म्हणाला, 'रोज किती वाजता?'"

"एवढंच?"

"एवढंच. मी म्हटलं, सात आणि सात. तो म्हणाला, माझी ड्यूटी सहाला सुटते, तेव्हा संध्याकाळचं मी बघीन."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग डबा पुढे ओढला आणि जेवायला लागल्या. जेवताना मंदाला म्हणाल्या, "मामाला सांग, मी नव्हते तिथे."

लग्न सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात झालं. त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. जूनमध्ये त्या नागपूरला भाचीकडे राहायला गेल्या, आणि काही वर्षांनी तिकडेच वारल्या. पत्रं यायची, पण भेट झाली नाही. म्हणून माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन म्हणजे वटारचा तो मांडव.

केळीच्या खांबांचा मांडव होता. बाई पहिल्या रांगेत, निळसर रेशमी साडीत, माझ्या शेजारी. मंगलाष्टकं सुरू असताना त्या ताठ बसून होत्या. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, बँडवाल्यांनी जोर केला, पोरं ओरडली. मी टाळ्या वाजवून बाईंकडे वळले तर त्यांची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. तोंड जरासं उघडं. मी घाबरून त्यांच्याकडे वाकले. श्वास चालू होता, संथ, मोठा. लोपीसबाई झोपल्या होत्या. भर दुपारी, कानाशी बँड वाजत असताना, लहान मुलासारख्या गाढ.

बोहल्यावरून मंदानं पाहिलं आणि नवऱ्याला कोपरानं खुणावलं. राऊतभाऊंनीही पाहिलं. ते गर्दीतून वाट काढत बँडवाल्यांकडे गेले आणि आपल्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "जरा हळू वाजवा. बाई झोपल्यात."

सनई तेवढी चालू राहिली. मी बाईंच्या मांडीवर सांडलेल्या अक्षता उचलल्या नाहीत. कुणीतरी पंखा त्यांच्याकडे वळवला.